माळा खाली उतरवताना

कोकणातील जुन्या घरांत वर्षाची बेगमी माळ्यावर असते. नारळ, आंब्याच्या रिकाम्या पेट्या, पावसाळ्यासाठी राखून ठेवलेली सुकी लाकडे, कधीतरी लागणारी अवजारे असे सारे काही वर. चुलीच्या धगीने माल कोरडा राही, म्हणून ती जागा योग्यच होती. परंतु ती निवडली गेली तेव्हा त्या घरात शिडी चढणारी चार तरुण माणसे होती.

रत्नागिरी जिल्ह्यातील माझ्या मामांच्या घरी आता दोघेच राहतात. मामा ७६ वर्षांचे, गणिताचे निवृत्त शिक्षक. दोन वर्षांपूर्वी, ऐन मे महिन्यात, नारळ काढण्यासाठी ते माळ्यावर चढले आणि उतरताना शिडीच्या शेवटून दुसऱ्या पायरीवरून घसरले. उंची जेमतेम दोन फूट. खुब्याचे हाड मोडण्यास तेवढी पुरली. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला. पुण्याहून आलेल्या मुलाने काळजीपोटी कोयता, कुदळ, फावडे गड्याला देऊन टाकले. "बाबा, आता तुम्ही परसात जायचं नाही," एवढेच तो म्हणाला. मामांनी वाद घातला नाही. ते पडवीतल्या खुर्चीवर बसू लागले आणि बसूनच राहिले. दिवाळीत मी गेल्यावर मामी हलक्या आवाजात म्हणाल्या, "हाड सांधलं रे, पण माणूस अजून पडलेलाच आहे."

परसात एक छोटा मांगर बांधावा, हा विचार त्यांचाच. माणूस माळ्यावर जाऊ शकत नसेल, तर माळाच खाली आणावा.

असा मांगर बांधण्यात विशेष ते काय, असे वाचकांना वाटेल. गवंडी आठवड्या-दोन आठवड्यांत चार भिंती उभ्या करून देतो. तथापि तो बांधतो ते सामानासाठी. वापरणाऱ्याचे गुडघे आणि डोळे त्याच्या हिशेबात नसतात; तो हिशेब घरच्यांनी आधी कागदावर करावा लागतो. ग्रामपंचायतीत परवानगीची विचारपूसही त्याच वेळी करून घ्यावी.

आम्ही जागा निवडली ती मागच्या दारापासून वीस पावलांवर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल अशी. दार पूर्वेकडे ठेवले, कारण आमच्याकडचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. माप आठ फूट बाय दहा फूट. याहून मोठा मांगर केला की त्यात अडगळ साचते आणि त्या अडगळीतच पाय अडखळतो.

खरा पेच पडला तो जोत्यापाशी. पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडणाऱ्या प्रदेशात जोते उंच हवे. शस्त्रक्रिया झालेल्या खुब्याला मात्र पायरीच नको. अखेर जोते नऊ इंचांचे धरले आणि पायऱ्यांऐवजी उतार केला. वृद्धांसाठी वा चाकाच्या खुर्चीसाठी उतार करताना एक इंच उंचीला बारा इंच लांबी, हे प्रमाण मानले जाते. म्हणजे नऊ इंचांसाठी नऊ फूट. "एवढ्याशा उंचीला एवढी जागा?" असे गवंडी म्हणाला तेव्हा मामा प्रथमच खुर्चीतून उठले आणि त्यांनी त्याला ते गुणोत्तर समजावून दिले. शिक्षक तो शिक्षकच. पुढे आखणीच्या दिवशी काठी टेकत तेच उभे राहिले. कोपऱ्यापासून एका दोरीवर सहा फुटांवर खूण, दुसरीवर आठ फुटांवर खूण आणि दोन खुणांमध्ये नेमके दहा फूट भरले की कोपरा गुण्यात आला, असे ते पोरांना सांगत होते. गवंड्याजवळ गुण्या होताच, पण त्याने तो शहाणपणाने पिशवीतच ठेवला.

एक चूक मात्र आमच्या आराखड्यात होती. दार बाहेर उघडणारे हवे, हे मी आग्रहाने सांगितले होते. कारण कोणी आत पडले आणि दार आत उघडणारे असले, तर पडलेल्या देहामुळेच ते उघडत नाही. त्याच कारणाने आतून कडीही नको. परंतु बाहेर उघडणारे दार ओढताना माणसाला मागे सरकावे लागते आणि मागे तर उतार! वृद्धाने उतारावर उलट्या पावलांनी सरकणे म्हणजे नव्या अपघाताला आमंत्रण. दारापुढे पाच फूट लांब-रुंद सपाट चौथरा घातला, तेव्हा ती चूक सुधारली. उताराच्या ओल्या सिमेंटवर खराट्याने आडव्या रेघा ओढल्या, एका बाजूस कमरेइतका उंच लोखंडी कठडा लावला. गुळगुळीत फरशी दिसायला सुरेख दिसते, पण पहिल्या पावसानंतर तिच्यावर शेवाळ धरते.

उंबरठा ठेवलाच नाही. धर्मशास्त्राचा प्रश्न मामींनी काढला; "हे घर नव्हे, मांगर आहे," असे मामांनी उत्तर दिले. उंबरठ्याचा धोका केवळ उंचीचा नसतो. उतारवयात डोळ्याची बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि उजेडातून अंधारात आल्यावर दिसू लागण्यास वेळ लागतो. रणरणत्या उन्हातून आत पाऊल टाकताना वृद्धाला क्षणभर काहीच दिसत नाही, आणि अडथळा नेमका त्याच पावलाशी असतो. म्हणून छपराच्या पत्र्यांमध्ये एक पारदर्शक पत्रा बसवला आणि दिव्याचे बटण दाराच्या बाहेर घेतले.

छपरासाठी कौले घ्यावीत, असे माझे मत होते. ती थंड राहतात, शोभूनही दिसतात. पण कौले आली की शाकारणी आली, शाकारणी आली की शिडी आली, आणि घरात कोणी नसताना ती शिडी कोण चढणार हे आम्हा सर्वांस ठाऊक होते. पत्राच घातला. तो तापतो, म्हणून भिंत आणि छप्पर यांमध्ये वारा खेळण्यास जागा ठेवून तिला बारीक जाळी लावली. उन्हाळ्यात मामा सकाळी नवाच्या आत काम उरकतात. सिमेंटचे जुने ॲस्बेस्टॉसचे पत्रे कोणी फुकट देऊ केले तरी घेऊ नयेत. ते कापताना वा फुटताना उडणारे तंतू फुप्फुसास घातक असतात.

मांडणीची मापे मामांच्या अंगावरूनच घेतली. त्यांना भिंतीशी उभे करून गुडघ्यापाशी एक आणि खांद्यापाशी एक अशा खडूच्या दोन रेघा मारल्या. जे रोज लागते ते या दोन रेघांच्या मध्ये. जड वस्तू कमरेच्या उंचीवर. पन्नास किलोचे पोते आत येऊच द्यायचे नाही, दुकानातूनच लहान पिशव्या करून आणायच्या. खांद्याच्या वर फळी मारलीच नाही. रिकामी फळी दिसली की माणूस ती भरतो आणि मग स्टूल शोधतो.

लाकडे भिंतीपासून दूर, जमिनीपासून फूटभर उंच लोखंडी घोडीवर रचली आहेत. आमच्या कातळावर फुरसे फार, आणि लाकडाच्या ढिगाखालची थंडावलेली जागा त्याला प्रिय. हात घालण्यापूर्वी बॅटरी आणि काठी. दंश झालाच तर कापणे, चोखणे, करकचून बांधणे यांपैकी काहीही न करता, तो अवयव न हलवता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कीटकनाशकांसाठी कुलपाचे निराळे कपाट आहे. औषध मूळ डब्यातच ठेवायचे, पाण्याच्या वा सरबताच्या बाटलीत कदापि नाही. किल्ली मामींच्या कमरेला असते. दीर्घ दुखण्यानंतर माणसाचे मन खचलेले असते, आणि स्मरणशक्ती ढळू लागलेल्या घरी तर बाटली ओळखण्यातही चूक होते. म्हणून ही किल्ली शुश्रूषा करणाऱ्याकडेच असावी, आणि त्याचा फार उच्चार करू नये.

मुलाने गड्याकडून अवजारे परत आणून दिली. मामा आता रोज सकाळी तासभर मांगरात असतात. खिशात मोबाइल, आत बसायला एक पाठ असलेली खुर्ची. दारात उभे राहून ते मामींना हाक मारून काय हवे ते विचारतात. खालची अर्धी मांडणी मामींच्या लोणच्याच्या बरण्यांनी कधी व्यापली हे मात्र त्यांना कळले नाही. माळा रिकामा झाला, त्याच दिवशी मामींनी शिडी शेजाऱ्यांना देऊन टाकली.