राजाचं सोनं आणि पेटीतलं रुपं

यहूदाचा राजा आसा बायबलमध्ये चांगल्या राजांत मोडतो. मूर्ती हटवल्या, अशेरेची मूर्ती केली म्हणून आजीचं राजमातेचं पदही काढून घेतलं, असा कडवा माणूस. ‘१ राजे’च्या १५व्या अध्यायात लिहिलं आहे की, वडिलांनी आणि त्याने स्वतः वाहिलेलं सोनं, रुपं आणि पात्रं त्याने यरुशलेमच्या मंदिरात आणून ठेवली. या भांडाराला तेव्हा भर हवीच होती. आजोबा रहबामच्या काळात मिसरचा राजा शिशक तिथली संपत्ती लुटून गेला होता, आणि सोन्याच्या ढालींच्या जागी पहारेकऱ्यांच्या हाती पितळी ढाली आल्या होत्या. मात्र हीच कथा चारच ओळी पुढे वाचावी. इस्राएलचा राजा बाशा रामा इथे तटबंदी करून यहूदाची वाट अडवू लागला, तेव्हा आसाने मंदिरात उरलेलं सोनंरुपं काढून दिमिष्कच्या बेन-हदादला, म्हणजे अरामाच्या राजाला, पाठवलं. बाशाशी केलेला करार त्याने मोडावा म्हणून. माझ्या मते देवाला वाहिलेलं ते सोनं म्हणजे राजाने सोयीच्या जागी ठेवलेली ठेव होती. दान त्याला म्हणता येत नाही, कारण देणाऱ्याचा हात त्यावरून कधी निघालाच नव्हता.

यावर कुणी म्हणेल, त्या सोन्याने राज्य वाचलं, मग बिघडलं काय? बाशा खरोखरच रामा सोडून गेला आणि तिथल्याच दगड-लाकडांतून आसाने गेबा आणि मिस्पा बांधून काढली. सौदा फळला, हे मान्य. ‘इतिहास’च्या दुसऱ्या पुस्तकात हनानी नावाचा द्रष्टा राजाला फटकारतो, पण तोही सोन्याबद्दल बोलत नाही, देवाऐवजी अरामाच्या राजावर भिस्त ठेवलीस, एवढाच त्याचा आक्षेप. (तेवढ्यासाठीही आसाने त्याला तुरुंगात टाकलं.) दुसरा युक्तिवाद अधिक वजनाचा आहे: त्या काळी मंदिर हाच राज्याचा खजिना असे, आजचे निकष तिथे कशाला? पण ग्रंथकार राजवाड्याचं भांडार आणि मंदिराचं भांडार अशी दोन नावं वेगवेगळी घेतो. फरक त्याला ठाऊक होता. संकट आलं की दोन्ही एकदमच रिकामी होत, इतकंच.

मंदिराचा पैसा राजाच्या मर्जीवर न सोडण्याची रीतही बायबलमध्येच सापडते. यहूदाचाच पुढचा एक राजा योवाश, त्याच्या कारकिर्दीच्या २३व्या वर्षापर्यंत याजकांनी मंदिराची डागडुजी केलीच नाही. तेव्हा मुख्य याजक यहोयादाने एक पेटी घेतली, झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ, आत शिरताना उजव्या हाताला ठेवली. आपल्या दानपेटीचीच ही थोरली बहीण. पेटीत बरंच रुपं साचलं की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून ते मोजत. तोलून ते कामावर देखरेख करणाऱ्यांच्या हाती जाई आणि तिथून सुतार, गवंडी, पाथरवटांकडे. त्यातून रुप्याचे कटोरे किंवा कर्णे करायचे नाहीत, हेही ठरलेलं. देखरेख करणाऱ्यांकडून मात्र हिशेब घेत नसत, कारण ती माणसं सचोटीची होती. मला ही ढिलाई वाटत नाही. पेटीच्या तोंडाशी दोघांनी मिळून मोजणी झालेली होती.

आजही सत्तेतल्या कुणी देवस्थानाला सोन्याचा मुकुट वाहिला की बातमीत त्याचं वजन छापून येतं. त्या दानाची किल्ली कुणाकडे, हे मात्र कुणी विचारत नाही. त्या जुन्या कथेत पुढे याच योवाशच्या राजधानीवर अरामाचा हजाएल चालून आला. तेव्हा योवाशने यहोशाफाट, यहोराम, अहज्या या पूर्वजांनी आणि स्वतः वाहिलेल्या वस्तू, शिवाय दोन्ही भांडारांतलं सोनं काढून हजाएलला पाठवलं. पेटीतल्या रुप्याचा त्या यादीत उल्लेख नाही.