दारावरची थाप आणि नगराध्यक्षाचा परवाना

अमेरिकेतील ओहायो नदीच्या काठी स्ट्रॅटन नावाचे एक खेडे आहे. त्या खेड्याचा खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तेव्हा तेथील वस्ती अवघी २७८ होती. गिरगावातील एखाद्या मोठ्या चाळीत याहून अधिक माणसे सुखाने नांदत आली आहेत. या चिमुकल्या गावाच्या कारभाऱ्यांनी असा नियम केला की, कोणत्याही कार्याच्या प्रचारासाठी कुणाच्या दारात जावयाचे झाल्यास प्रथम नगराध्यक्षाच्या कचेरीत आपले नाव नोंदवून परवाना घ्यावा. परवान्यास शुल्क नव्हते. तो सहसा नाकारलाही जात नसे. मग बिघडले कोठे, असे कोणीही सुज्ञ गृहस्थ विचारील.

घरोघर जाऊन धर्मप्रचार करणाऱ्या ‘यहोवाचे साक्षीदार’ या पंथाने हा नियम न्यायालयात नेला आणि १७ जून २००२ रोजी आठ विरुद्ध एक अशा मतांनी तो घटनाबाह्य ठरला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांचे होते. त्यांतील एक मुद्दा आम्हांस विशेष मार्मिक वाटतो. नगराध्यक्षास पुन्हा निवडून देऊ नका, हे समोरच्या घरातील शेजाऱ्यास सांगावयाचे तर त्यासाठीही आधी नगराध्यक्षाच्याच कचेरीची पायरी चढावी लागणार! शिवाय, ज्यास आपले नाव प्रकट न करता मत मांडावयाचे आहे, त्याची वाट तर तेथेच खुंटते. परवाना फुकट असो वा विकत, बोलण्यापूर्वी सरकारची अनुज्ञा मागावी लागणे यातच खरी ग्यानबाची मेख आहे.

विरोधी मत देणारे एकटे सरन्यायाधीश रेन्क्विस्ट होत, पण त्यांचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नव्हते. पाहणी करण्याच्या मिषाने घरात शिरून दोन प्राध्यापकांचा खून केल्याची घटना २००१ साली न्यू हॅम्पशायरमध्ये घडली होती आणि तिचा त्यांनी दाखला दिला. आपल्याकडेही दुपारच्या वेळी एकट्या असणाऱ्या वृद्धांना भामटे गाठतात. ही भीती काल्पनिक नव्हे. परंतु ज्याला दरोडा घालावयाचा आहे तो परवान्यासाठी कचेरीत रांग लावील काय? तो खोटे नाव सांगेल, पत्ता विचारण्याचा बहाणा करील किंवा विजेचे मीटर पाहण्यास आलो म्हणेल. अशा नियमाने अडतो तो प्रामाणिक मनुष्यच.

या विषयातील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा निवाडा मात्र याहून जुना, १९४३ सालचा आहे. स्ट्रदर्स हे ओहायोमधीलच कारखान्यांचे गाव. तेथील पुष्कळ कामगार रात्रपाळी करून दिवसा झोपत, म्हणून पत्रके वाटण्यासाठी कुणाच्या दाराची घंटा वाजवणे हाच गुन्हा ठरविण्यात आला होता. हेतू चांगला होता यात शंका नाही. पण न्यायमूर्ती ब्लॅक यांच्या निकालपत्राने एक साधा विवेक केला : दार उघडावे की बंद करावे हे घरमालकाने ठरवावे, गावाने नव्हे. घरमालकाने ‘येऊ नये’ अशी पाटी लावली असता ती न जुमानणाऱ्यास शिक्षा करण्यास गाव मोकळे आहे. सर्वांच्या वतीने एकच पाटी लावण्याचा अधिकार मात्र त्यास नाही. १९५१ साली मासिकांचे वर्गणीदार मिळविणाऱ्या विक्रेत्यांच्या बाबतीत त्याच न्यायालयाने नगराची बंदी मान्य केली, कारण तेथे व्यापार मिसळला होता. विचाराचा प्रचार आणि मालाची विक्री यांत भेद करणे आम्हांस तत्त्वतः मान्य आहे. व्यवहारात ती रेषा नेहमीच इतकी ठळक असते, असे मात्र नव्हे. घरोघर पुस्तके विकणारा कार्यकर्ता नेमका कोणत्या बाजूचा?

हे सारे दूरदेशीचे प्रकरण मानण्याचे कारण नाही. मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ साप्ताहिकास मद्रास सरकारने प्रांतबंदी केली, तेव्हा १९५० साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. विचारस्वातंत्र्यात विचार लोकांपर्यंत पोहोचविण्याचे स्वातंत्र्यही येते, असे सांगताना न्यायमूर्ती पतंजली शास्त्री यांनी ज्या अमेरिकन निवाड्यांकडे बोट दाखविले, त्यांत जॉर्जियातील ग्रिफिन गावचा १९३८ सालचा निवाडा होता. आणि तोही पत्रके वाटण्यास परवाना लागू करणाऱ्या नियमाविरुद्धचाच. आपल्या घटनेच्या १९व्या अनुच्छेदात भाषणस्वातंत्र्यावर निर्बंध घालण्याची कारणे मोजून दिलेली आहेत. रहिवाशांचा त्रास वाचविणे हे त्यांत नाही. ज्यांचे पत्र रोज पहाटे वाचकांच्या दारात पडते, त्या आम्हांस या प्रश्नी थोडा स्वार्थही आहे, हे सांगून टाकलेले बरे.

आज पुण्या-मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांच्या फाटकांवर ‘विक्रेते व प्रचारक यांस सक्त मनाई’ अशा पाट्या सर्रास दिसतात. सहकारी संस्था म्हणजे सरकार नव्हे. पण म्हणून प्रश्न सुटत नाही. चारशे कुटुंबांच्या वतीने पाच-सात जणांची समिती ठरविते की, निवडणुकीतील अपक्ष उमेदवार, पूरग्रस्तांसाठी निधी मागणारे विद्यार्थी वा पापड विकणारा महिला बचत गट यांपैकी कोणीही आत येऊ नये. मोठ्या पक्षाचा उमेदवार आला की तेच फाटक सताड उघडते, हा भाग वेगळा!

रखवालदाराने मोबाइलवरून घरी विचारून मगच पाहुण्यास सोडण्याची पद्धत आता पुष्कळ ठिकाणी रूढ झाली आहे. निर्णय ज्याच्या त्याच्या घरात होत असल्याने ती सरसकट बंदीहून निश्चितच बरी. तथापि त्याच फाटकावर येणाऱ्याचे नाव, दूरध्वनी क्रमांक आणि छायाचित्रही घेतले जाते. ती नोंद किती दिवस ठेवावयाची, कोणी पाहावयाची व केव्हा पुसावयाची, याचा ठराव किती संस्थांच्या सर्वसाधारण सभेत झाला आहे, हे सभासदांनी येत्या सभेत अवश्य विचारावे.