विश्लेषण : प्रोस्टेटच्या एमआरआयमध्ये स्कॅन ‘जुळवणे’ महत्त्वाचे का?

प्रोस्टेट कर्करोगाची शंका असल्यास अनेक ठिकाणी बायोप्सीआधी एमआरआय केला जातो. पण हा एकच फोटो नसतो. वेगवेगळ्या प्रकारच्या प्रतिमा एकमेकींवर नीट बसल्या नाहीत, तर गाठ एकीकडे आणि खूण दुसरीकडे असे होऊ शकते.

स्कॅनचे प्रकार किती?

प्रामुख्याने तीन. ‘टी-२’ प्रतिमेत ग्रंथीची रचना स्पष्ट दिसते. ‘डिफ्युजन’मधून ऊतींतील पाण्याच्या रेणूंची हालचाल कळते. कर्करोगाच्या गाठीत पेशींची दाटी असल्याने ती मंदावते. तिसऱ्या प्रकारात शिरेतून दिलेले कॉन्ट्रास्ट ग्रंथीत किती वेगाने पोहोचते, हे पाहतात. ‘पाय-रॅड्स’ पद्धतीत गाठीला १ ते ५ गुण मिळतात. ग्रंथीच्या बाहेरच्या भागात डिफ्युजनला, तर आतल्या भागात टी-२ला प्राधान्य असते. म्हणून तीच जागा दोन्हींत सापडणे गरजेचे.

प्रतिमा जुळत का नाहीत?

तपासणी सुरू असताना मूत्राशय भरत जाते, गुदाशयातील वायू सरकतो आणि ग्रंथीही हलते. हाच वायू चुंबकीय क्षेत्रात अडथळा आणतो, त्यामुळे डिफ्युजन प्रतिमा वेडीवाकडी ताणली जाते. शिवाय ती टी-२पेक्षा बरीच ढोबळ असते.

संगणक काय करतो?

या प्रक्रियेला ‘रजिस्ट्रेशन’ म्हणतात. ग्रंथी फक्त सरकली असेल तर प्रतिमा सरकवून, फिरवून भागते. आकारच बदलला असेल तर ती रबरासारखी ठिकठिकाणी ताणावी लागते. मात्र एकीत उजळ दिसणारा भाग दुसरीत गडद असू शकतो. त्यामुळे थेट तुलना न करता, एका प्रतिमेवरून दुसरीचा अंदाज किती बांधता येतो, हे मोजले जाते. या मापाला ‘म्युच्युअल इन्फर्मेशन’ म्हणतात. धोकाही आहे : प्रतिमा जास्त ताणली, तर गाठीचा आकारच बदलून दिसतो.

‘एआय’ने प्रश्न सुटला का?

‘पाय-काय’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासात (२०२४) ४०० रुग्णांच्या स्कॅनवर एआय प्रणालीची कामगिरी ६२ रेडिओलॉजिस्टच्या सरासरीपेक्षा सरस ठरली. पण अशा प्रणाली सहसा सर्व प्रतिमांतील तोच बिंदू एकत्र वाचतात. बिंदूच चुकला तर उत्तरही चुकू शकते.

रुग्णाला फरक काय?

फ्युजन बायोप्सीत एमआरआयवरील खूण अल्ट्रासाऊंडवर बसवून सुई नेली जाते. गाठ काही मिलिमीटरचीच असेल, तर तेवढीच चूक सुई बाजूने जायला पुरेशी ठरते. मग कर्करोग असूनही अहवाल ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. त्यामुळे तपासणीपूर्वी पोट साफ ठेवण्याची सूचना मिळाली, तर ती पाळलेली बरी.