बूटलची १५५ मते

२४ मे १९९० रोजी लिव्हरपूलशेजारच्या बूटल मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. जागा मजूर पक्षाची होती आणि ती त्याच्याकडेच राहिली. लोकांच्या लक्षात राहिले ते तळाकडचे दोन आकडे. उंच टोपी घालून निवडणुकीचीच थट्टा करणाऱ्या लॉर्ड सच यांच्या ‘मॉन्स्टर रेव्हिंग लूनी’ पक्षाला ४१८ मते, आणि ब्रिटिश राजकारणाची चौकट मोडायला निघालेल्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाला १५५. दहा दिवसांनी या पक्षाने गाशा गुंडाळला.

हा शेवट अटळ होता, असे पुष्कळदा सांगितले जाते. मला ते पटत नाही.

मार्च १९८१ मध्ये रॉय जेन्किन्स, शर्ली विल्यम्स, बिल रॉजर्स आणि डेव्हिड ओवेन या चार माजी मंत्र्यांनी मजूर पक्ष सोडून हा पक्ष काढला. जुन्या लिबरल पक्षाशी युती केली. त्या वर्षाच्या अखेरीस एका जनमत चाचणीत युतीला ५० टक्क्यांच्या आसपास पाठिंबा होता. १९८३ च्या निवडणुकीत मात्र तिला २५.४ टक्के मते आणि अवघ्या २३ जागा मिळाल्या. मजूर पक्षाला २७.६ टक्के मतांवर २०९. आपणही हीच मतदानपद्धत उचलली असल्यामुळे हे गणित आपल्या वाचकांना निराळे समजावून सांगायला नको. पहिला घाव या पद्धतीने घातला, हे मान्यच करायला हवे. पण या पद्धतीत तिसऱ्या शक्तीने फुटून चालत नाही, हा धडाही त्याच निकालात होता, आणि तो नेमका नव्या नेत्यानेच घेतला नाही.

जेन्किन्स यांच्या जागी आलेले ओवेन बुद्धिमान होते, यात शंका नाही. पेशाने डॉक्टर, वयाच्या अडतिसाव्या वर्षी परराष्ट्रमंत्री. सभागृहात ते थॅचरबाईंना तोडीस तोड उत्तर देत. मात्र लिबरलांना ते सोबती कमी आणि ओझे अधिक मानत. दोन्ही पक्षांच्या सभासदांनी एकत्र बसून उमेदवार निवडावेत, या कल्पनेला त्यांचा विरोध होता, आणि विलीनीकरणाचा विषय त्यांना सहन होत नसे. १९८६ साली अण्वस्त्रांबाबत दोन्ही पक्षांच्या संयुक्त समितीने मोठ्या कष्टाने मधला मार्ग काढला. अहवाल प्रसिद्ध होण्याआधीच ओवेन यांनी त्याला जाहीर विरोध केला. पुढे लिबरलांच्या अधिवेशनात कार्यकर्त्यांनी उलट दिशेने बंड केले. दोष त्यांचाही आहेच, पण ठिणगी कोणी टाकली?

१९८७ च्या प्रचारात ‘दोन डेव्हिड’ शेजारी उभे राहत. त्रिशंकू संसद आली तर थॅचर चालतील की नाही, यावर ओवेन आणि लिबरल नेते स्टील यांचे सूर जुळत नव्हते, आणि ते लपतही नव्हते. जागा २२ वर आल्या. स्टील यांनी लगेच विलीनीकरण मांडले. ओवेन यांचे म्हणणे पोकळ नव्हते: संरक्षणाबाबत ठाम आणि बाजाराला न बिचकणारा सामाजिक लोकशाही पक्ष लिबरलांत विरून जाईल, ही भीती खरी होती. पण सभासदांनी कौल दिला. सुमारे ५७ टक्के लोक वाटाघाटींच्या बाजूने होते. चार संस्थापकांपैकी उरलेले तिघेही. ओवेन यांनी नेतेपद सोडले, इथपर्यंत ठीक. मार्च १९८८ मध्ये विलीनीकरण झाल्यावर दोन खासदार सोबत घेऊन त्यांनी जुन्याच नावाने वेगळी चूल मांडली, ही माझ्या मते अक्षम्य चूक. अंतर्गत मतदानात हरलेल्या नेत्याने बाजूला व्हावे किंवा बहुमताबरोबर जावे. तिसरी वाट फक्त मते फोडते.

त्याचा हिशेब फेब्रुवारी १९८९ मध्ये यॉर्कशरमधील रिचमंडला मिळाला. हुजूर पक्षाचे तरुण विल्यम हेग १९,५४३ मतांनी निवडून आले. ओवेन यांच्या उमेदवाराला १६,९०९, विलीन पक्षाच्या उमेदवाराला ११,५८९. ही बेरीज शाळकरी मुलालाही जमेल. गंमत अशी की हेग पुढे हुजूर पक्षाचे नेते झाले.

बूटलनंतर पक्ष विसर्जित झाला. १९९२ च्या निवडणुकीला ओवेन उभे राहिले नाहीत. त्यांचे दोन सहकारी, रोझी बार्न्स आणि जॉन कार्टराइट, अपक्ष म्हणून लढले. विलीन पक्षाने त्यांच्याविरुद्ध उमेदवारही दिला नाही. तरी ते दोघे पडले. तिघांच्या तिन्ही जागा मजूर पक्षाने परत घेतल्या.