सरकलेले भिंग आणि पुढची वर्षे

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला आठ-दहा वर्षे झाली आहेत, दृष्टी उत्तम होती आणि आता एकाच डोळ्याने पाहताना दिवा दुहेरी दिसतो किंवा नजरेसमोर एखादी वक्र कड तरळते, अशी तक्रार घरातील ज्येष्ठांनी केली, तर ती ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून देऊ नये. कृत्रिम भिंग जागेवरून सरकल्याची ती खूण असू शकते.

हे भिंग ज्या पातळ पिशवीत बसवतात, ती केसाहून बारीक तंतूंनी टांगलेली असते. तंतू शिथिल झाले की पिशवी भिंगासह खाली उतरते. डोळ्यात कोंड्यासारखा पदार्थ साचण्याचा ‘स्यूडोएक्स्फोलिएशन’ नावाचा विकार, मोठा ऋण नंबर किंवा डोळ्याला पूर्वी झालेली इजा ही त्याची नेहमीची कारणे. आधीच्या डॉक्टरांना दोष देण्याची घाई अशा वेळी होते. बहुतेकदा तो अन्याय ठरतो.

उपाय दोन आहेत : तेच भिंग डोळ्याच्या पांढऱ्या भित्तीला टाक्यांनी बांधणे किंवा ते काढून नवे बसवणे. ओस्लो येथे या दोहोंची पद्धतशीर तुलना झाली, तेव्हा दृष्टीच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून कोणता मार्ग घ्यावा, हे त्या डोळ्याची स्थिती आणि शल्यविशारदाचा सराव पाहून ठरवणे इष्ट.

खरा प्रश्न पुढच्या वर्षांचा आहे. पूर्वी वापरले जाणारे अतिसूक्ष्म पॉलिप्रॉपिलीनचे धागे काही रुग्णांमध्ये अनेक वर्षांनी तुटले आणि भिंग पुन्हा सरकले. त्यामुळे आता अधिक जाड धागे वापरण्याकडे कल आहे. चेन्नईचे डॉ. अमर अगरवाल यांनी भिंगाचे पाय पांढऱ्या भित्तीत खोवून जैविक गोंदाने ती जागा बंद करण्याची पद्धत रूढ केली, जपानच्या डॉ. शिन यामाने यांनी २०१७ मध्ये टाके आणि गोंद दोन्ही टाळणारे तंत्र प्रसिद्ध केले. ही तंत्रे आश्वासक आहेत. मात्र टाक्यांइतका दीर्घ अनुभव त्यांच्या गाठीशी नाही.

बहुतेकांची दृष्टी सुधारते. किती सुधारेल, हे दृष्टिपटल आणि डोळ्याची नस किती निरोगी आहे यावर अवलंबून असते. दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज येणे, डोळ्यातील दाब वाढणे आणि क्वचित दृष्टिपटल सुटणे हे धोके शस्त्रक्रियेनंतरही उरतात. स्यूडोएक्स्फोलिएशन असेल, तर काचबिंदूची शक्यता अधिक असल्याने दाबाची तपासणी आयुष्यभर चालू ठेवावी लागते. हा विकार पुष्कळदा दोन्ही डोळ्यांत असतो. तेव्हा दुसरा डोळाही तपासून घ्यावा.

अचानक प्रकाशाचे झोत चमकले, काळ्या ठिपक्यांचा वर्षाव झाला किंवा नजरेवर पडदा सरकल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. डोळे चोळण्याची सवय मोडावी. आणि भिंगाचा प्रकार व क्रमांक असलेले छोटे कार्ड, जे अनेक घरांत औषधांच्या जुन्या पावत्यांबरोबर टाकून दिले जाते, ते जपून ठेवून तपासणीच्या वेळी सोबत न्यावे.