वादाला फाटे फुटू द्या

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पेठ वडगावात नगरपरिषद, त्यामुळं शेजारच्या खेड्यांसारखी ग्रामसभा नाही. वाद रंगायचा तो टपरीवर, नाहीतर व्हॉट्सॲपवर. तिथं सकाळचा मुद्दा दुपारपर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. २०१७ साली सुरू झालेल्या ‘किआलो’ या वादविवादाच्या संकेतस्थळाची रीत वेगळी. समजा, विधान मांडलं : जनावरांच्या बाजाराची जागा बदलावी. खाली एकीकडे अनुकूल मुद्दे, दुसरीकडे प्रतिकूल, आणि प्रत्येकाला पुन्हा तसेच फाटे. वाहतुकीच्या मुद्द्याला उत्तर वाहतुकीखालीच द्यायचं; बोलणाऱ्याच्या आज्यापर्यंत घसरायला रकानाच नाही. न्यायसूत्रांनी वाद (सत्य शोधण्यासाठी), जल्प (जिंकण्यासाठी), वितंडा (नुसतं खोडून काढण्यासाठी) वेगळे केले होतेच; इथं वितंडेची गोची होते. मला ते आवडतं. पण कोल्हापुरी टोमणा हा निम्मा युक्तिवाद असतो, तो कुठं बसवायचा? आणि बैलाची दोरी धरून उभा असलेला शेतकरी हे टाईप कधी करणार?