संगीताला भाषा असते

एका परिसंवादातल्या श्रवणसत्रासाठी मी 'आरेआ' या इटालियन बँडच्या गाण्यांचे अनुवाद आणि दोन पानी टिपण करून दिले होते. आयोजकांनी ते वाटलेच नाही. "संगीताला कुठे भाषा असते?" एवढेच हसून म्हणाले. हे वाक्य ऐकून माझे कान किटले आहेत. वरवर ते औदार्य वाटते. प्रत्यक्षात तो आळस आहे.

ऐकवली होती ती 'आरेआत्सिओने' ही १९७५ची ध्वनिमुद्रिका. इटलीतल्या जाहीर मैफलींमध्ये मुद्रित झालेली. जॅझ, रॉक आणि बाल्कन लोकसंगीत यांचे जबरदस्त मिश्रण. पहिल्याच गाण्याच्या विषम मात्रांवर सभागृहात पाय ठेका धरू लागले. गाण्याचे नाव 'जुलै, ऑगस्ट, (काळा) सप्टेंबर'. हा सप्टेंबर १९७०चा : जॉर्डनचे सैन्य पॅलेस्टिनी लढवय्यांवर तुटून पडले तो. हे सांगितलेच नाही, तर हाती उरते फक्त लग्नाची वरात.

दुसरे गाणे 'ओदेसाचे सफरचंद (१९२०)'. त्या वर्षी यान आपेल आणि लेखक फ्रान्झ युंग यांनी साथीदारांसह एक जर्मन जहाज ताब्यात घेऊन सोव्हिएत रशियाला नेले. 'आपेल' म्हणजे उत्तर जर्मनीच्या बोलीत सफरचंद. आडनावाचे भाषांतर करू नये, असे आम्ही नवशिक्यांना बजावतो; इथे त्याच 'चुकी'ला फळ धरले आहे. ही गंमत भाषेखेरीज कशी कळणार?

शेवटी 'इंटरनॅशनल' वाजते, तेही शब्दांविना. बघा, म्हणतील, शब्द लागलेच नाहीत! पण गाळलेले शब्द ऐकू येतात, कारण ते श्रोत्यांना पाठ असतात. १८७१ साली पोतिएने फ्रेंचमध्ये लिहिलेले हे गीत इटालियनमध्ये, रशियनमध्ये, नजरुलच्या बांग्लात गेले ते अनुवादाच्याच पायांनी.

गायक देमेत्रिओ स्त्रातोसने पुढे शब्द सोडून निव्वळ कंठाचा शोध घेतला, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पण अलेक्झांड्रियात ग्रीक आईबापांच्या पोटी जन्मून मिलानमध्ये इटालियनमधून गाणारा हा माणूस अनेक भाषा ओलांडून शब्दांपलीकडे गेला. आपण एकही न ओलांडता तिथे पोहोचल्याचा आव आणतो.

आपल्या देशात हा आव जास्तच महाग पडतो. शेजारच्या राज्यातले गाणे ऐकून आपण डोलतो, ते कोणी, कोणाविरुद्ध म्हटले हे विचारत नाही, आणि त्यालाच एकात्मता म्हणतो.

पुढच्या वेळी टिपण वाटा. ज्याला नको असेल तो घडी घालून खिशात ठेवील. पण काळा सप्टेंबर म्हणजे काय हे न सांगता कोणाला त्यावर नाचायला लावू नका.